‘आधी पूर्ण लिहा, मग तपासा’ याने गाडी सुरक्षित होत नाही

ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल एक मत हिंजवडीपासून स्टुटगार्टपर्यंत ऐकू येतं. इथे अ‍ॅजाइल (छोट्या फेऱ्यांत लिहिणं आणि तपासणं) चालत नाही, कारण आयएसओ 26262 या गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाला व्ही-मॉडेलच (प्रत्येक टप्प्याला त्याची चाचणी जोडणारी V आकाराची मांडणी) लागतं. आधी डेव्हलपमेंट पूर्ण करायची, मग क्वालिटी टीमने शेवटी कसून तपासायचं. आणि ही टीम डेव्हलपरपासून जितकी लांब, तितकी तपासणी निष्पक्ष. या मतामागची काळजी खरी आहे, प्रश्न माणसांच्या जिवाचा आहे. म्हणूनच ते चुकीचं असणं मला जास्त खुपतं.

मानकाचं आधी बघू. 2018 च्या दुसऱ्या आवृत्तीत, सॉफ्टवेअरवरच्या सहाव्या भागात, सुरक्षेशी संबंधित कामासाठी अ‍ॅजाइल पद्धतीही योग्य ठरू शकतात असं स्पष्ट नमूद आहे. लगेच अटही आहे: त्या नावाखाली सुरक्षेचे उपाय गाळता येणार नाहीत आणि कागदपत्रांची, प्रक्रियेची मूलभूत शिस्त सोडता येणार नाही. व्ही-मॉडेलची आकृती एवढंच सांगते की डावीकडची रिक्वायरमेंट (सॉफ्टवेअरने काय करायला हवं ते), आर्किटेक्चर आणि युनिट (कोडचा लहान तुकडा) डिझाइन उजवीकडच्या कोणत्या चाचणीने पडताळायचं. त्या आकृतीवर महिने लिहिलेले नाहीत. एका लहान फीचरचा अख्खा व्ही दोन-तीन आठवड्यांतही पार होतो.

एकामागून एक उतरत्या टप्प्यांच्या मांडणीचं मूळ म्हणून विन्स्टन रॉइस यांचा 1970 चा निबंध दाखवतात. अंतराळ मोहिमांच्या सॉफ्टवेअरचा अनुभव असलेल्या रॉइस यांनी त्याच निबंधात ही मांडणी जशीच्या तशी राबवणं जोखमीचं ठरवलं आहे. टायमिंग, मेमरी प्रत्यक्षात कशी वागते ते चाचणीच्या टप्प्यावरच पहिल्यांदा कळतं, आणि तिथे गडबड निघाली तर डिझाइन मुळापासून बदलावं लागतं, हे त्यांचं कारण.

आता शेवटच्या कसून तपासणीबद्दल. सप्टेंबर 2016 मध्ये जनरल मोटर्सने जगभरातल्या सुमारे 43 लाख गाड्यांचा रिकॉल (दुरुस्तीसाठी परत बोलावणं) जाहीर केला. क्वचित प्रसंगी एअरबॅग सांभाळणाऱ्या युनिटचं सॉफ्टवेअर स्वतःच्या निदान-चाचणीत शिरायचं आणि धडक झाली तरी एअरबॅग उघडायची नाही. एका मृत्यूशी या दोषाचा संबंध जोडला गेला. अशा दुर्मीळ योगायोगावर शेवटच्या महिन्यात कितीही क्रॅश टेस्ट केल्या तरी बोट पडेलच असं नाही. चालत्या गाडीत हे युनिट निदान-चाचणीत जाऊ शकतं का, हा प्रश्न डिझाइन कागदावर असताना विचारावा लागतो. टेस्टर तेव्हा त्या खोलीत हवा.

लहान पातळीवरही तेच. मानकात धोक्यानुसार ‘एसिल’ श्रेणी ठरतात. एसिल डी या सर्वांत कडक श्रेणीत युनिट चाचणीसाठी एमसी/डीसी कव्हरेजची, म्हणजे अटीतला प्रत्येक घटक तपासला गेला का याच्या मापाची, जोरदार शिफारस आहे. ‘वेग अमुकपेक्षा जास्त, आणि रडारचा इशारा किंवा कॅमेऱ्याचा इशारा’ अशी अट असेल, तर प्रत्येक घटक एकट्याने निकाल बदलू शकतो हे चाचणीने दाखवायचं. अट लिहिली त्याच आठवड्यात हे सोपं असतं. कित्येक महिन्यांनी एखादा घटक निकालावर कधीच परिणाम करत नाही असं दिसलं, की अट जास्तीची होती की रिक्वायरमेंट अर्धवट होती, हे सांगणारा माणूस दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेला असतो. मुदत डोक्यावर असते. मग कव्हरेज का मिळालं नाही याचं स्पष्टीकरण लिहून मुद्दा बंद होतो. या क्षेत्रात मला सर्वांत जास्त भीती या स्पष्टीकरणांची वाटते.

तपासणाऱ्यांच्या स्वातंत्र्याचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. एसिल डी साठी फंक्शनल सेफ्टी असेसमेंट (सुरक्षेचं काम पुरेसं झालं का याचं मूल्यमापन) करणारी व्यक्ती व्यवस्थापन, संसाधनं आणि रिलीजचा अधिकार या बाबतींत ते काम केलेल्या विभागापासून स्वतंत्र हवी, हे मानकच सांगतं. ‘थांबा’ म्हणताना तिला कोणाची भीड वाटू नये. तिने कोड सर्वांत शेवटीच पाहावा, असा याचा अर्थ होत नाही.

घाईने बदल सोडले तर दोष सुटून जातील, ही वेगाची भीतीही पोकळ नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये टेस्लाच्या फुल सेल्फ-ड्रायव्हिंग या चालकाला मदत करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बीटा (चाचणीसाठीच्या) 10.3 आवृत्तीत दोन चिपमधला संवाद तुटू लागला. पुढच्या धडकेचे खोटे इशारे येऊ लागले, ब्रेक आपोआप लागण्याची शक्यता निर्माण झाली. आवृत्ती तातडीने मागे घेतली गेली, पुढे सुमारे 11,700 गाड्यांचा रिकॉल नोंदवला गेला. गाडी लो-पॉवर अवस्थेतून जागी होताना हा दोष उद्भवायचा. झोपणं-जागं होणं रोज रात्री बेंचवर (गाडीबाहेरच्या चाचणी-मांडणीवर) शेकडो वेळा फिरवता येतं, आणि तपासणी रोजच्या कामात मुरवायची म्हणजे नेमकं हेच. अर्थात ती रात्रीची पाइपलाइनही (आपोआप चालणारी चाचण्यांची साखळी) तपासावी लागते: टूल चुकलं तर दोष सुटून जाईल का आणि ती चूक कोणाच्या लक्षात येईल का, हे मानकाचा आठवा भाग विचारतो. अ‍ॅजाइलचा आग्रह धरणाऱ्या टीमही हे काम सर्रास मागे टाकतात.

शिवाय ज्या ‘शेवटी’ तपासायचं तो शेवटच आता उरलेला नाही. संयुक्त राष्ट्रांचा नियम 156 युरोपीय संघात जुलै 2024 पासून सगळ्या नव्या गाड्यांना लागू आहे. त्यानुसार विक्रीनंतरच्या प्रत्येक सॉफ्टवेअर अपडेटचा मंजुरी मिळालेल्या सिस्टीमवर परिणाम होतो का, हे तपासून नोंदवावं लागतं. रिक्वायरमेंट, कोड आणि चाचणी यांचे दुवे लिहितानाच जोडलेले असतील, तर ही तपासणी आटोक्यात राहते. ते नसतील, तर प्रत्येक अपडेटच्या वेळी कोणीतरी जुना कोड उघडून अंदाज बांधत बसतं.