शेवट माहीत असलेल्या गोष्टी

‘शेवट सांगू नकोस हं!’ हे वाक्य हल्ली सारखं कानावर पडतं. शिवाजी मंदिरला मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत ऐकलं, ठाणे लोकलमध्ये मोबाइलवर मालिका बघत बसलेल्या मुलींकडून ऐकलं. खून कोणी केला हे शोधायची गोष्ट असेल तर मला ते पटतं. प्रेमाच्या शोकांतिकेलाही हाच नियम लावतात तेव्हा मात्र मी वाद घालते, आणि आज जरा सविस्तर घालणार आहे.

माझं म्हणणं असं की पुढे काय होणार हे बघणाऱ्याला आधी कळायलाच हवं आणि पात्रांना कळता कामा नये. आपण खुर्चीत बसून ‘अगं, जाऊ नकोस’ असं मनात म्हणत राहतो आणि ती जाते. ही असहायता शोकांतिकेचा प्राण आहे. शेवट लपवून ठेवला तर फार तर आपण दचकू. दचकलेला माणूस घरी पोचेपर्यंत सावरतो.

हे सगळ्यात सुंदर कुणी केलं असेल तर आपल्या विदर्भातल्या भवभूतीने, आठव्या शतकात. ‘उत्तररामचरित’चा फक्त पहिला अंक वाचा. राम-सीता अयोध्येत आहेत, ती गरोदर आहे, घरातली वडीलधारी मंडळी यज्ञासाठी बाहेरगावी गेलेली आहेत. वसिष्ठांचा निरोप येतो की प्रजेला संतुष्ट ठेव. राम म्हणतो, लोकांसाठी स्नेह, दया, सुख, इतकंच काय जानकीलाही सोडावं लागलं तरी मला दुःख होणार नाही. सीता तिथेच उभी आहे. ती घाबरत नाही, रागावत नाही. म्हणूनच तर तुम्ही रघुकुलात श्रेष्ठ, असं ती कौतुकाने म्हणते. ज्या गुणापायी तिचा त्याग होणार आहे, त्याच गुणाचं कौतुक ती स्वतः करते! हे वाचताना दर वेळी माझा जीव तुटतो.

मग लक्ष्मण त्यांना त्यांच्याच वनवासाची चित्रं दाखवतो. शूर्पणखेचं चित्र आल्यावर सीता दचकते, आता पुन्हा ताटातूट होणार असं तिला वाटतं. राम तिला समजावतो, अगं, हे नुसतं चित्र आहे. चित्रं बघताबघता तिला डोहाळा लागतो की पुन्हा एकदा रानात जावं, भागीरथीत स्नान करावं. राम लगेच रथ तयार करायला सांगतो, बायकोचा लाड म्हणून. थकलेली सीता त्याच्या हातावर डोकं ठेवून झोपते. तिच्याकडे बघत तो म्हणतो, हिचं काय प्रिय नाही मला? असह्य असेल तर फक्त हिचा विरह. आणि नेमकी त्याच क्षणी प्रतिहारी आत येऊन सांगते, ‘महाराज, आला आहे.’

आला आहे तो दुर्मुख नावाचा हेर, लोकांमधली कुजबुज घेऊन. पण आपल्या कानांनी ऐकलेलं असतं की विरह आला आहे. संस्कृत नाट्यशास्त्रात अशा जागेला पताकास्थानक म्हणतात. परीक्षेसाठी व्याख्या पाठ करणाऱ्या मुलांना मी कळवळून सांगते की व्याख्या राहू दे, तो रथ बघा. सीतेच्या हौसेसाठी मागवलेला रथच तिला कायमचं रानात सोडायला वापरला जातो. आपल्याला डोहाळे पुरवायला नेताहेत असं समजून ती आनंदाने त्यात चढते.

माझा सगळा मुद्दा या रथात आहे. अनर्थाची चाहूल बाहेरून आणली की ती खोटी वाटते. मालिकांमध्ये देवापुढचा दिवा विझतो, कुंकवाचा करंडा सांडतो, मंगळसूत्र तुटतं. या दिव्याचा आणि त्या दोघांच्या प्रेमाचा संबंध काय? काहीच नाही. चाहूल त्यांच्या प्रेमातूनच यायला हवी. ज्या कृतीने एकमेकांवरची माया दिसते, त्याच कृतीत पुढचा घात दडलेला हवा.

गडकऱ्यांना हे पुरतं कळलं होतं. ‘एकच प्याला’ हे नावच बघा. तिकीट काढतानाच प्रेक्षकाला कळतं की प्याला एकच राहणार नाही. सुधाकर पहिला प्याला घेतो तेव्हा त्याला ते कळलेलं नसतं, आपल्याला कळलेलं असतं. पण खरी वेदना सिंधूची आहे. तिची निष्ठा इतकी अढळ की ती माहेरचा आधार घेत नाही, दळण दळून पोट भरते, आणि शेवटी मरतानाही नवऱ्याला वाचवायला खोटं बोलते. ती थोडी कमी प्रेमळ असती तर कदाचित जगली असती. लोक या नाटकाला दारूबंदीचं नाटक म्हणून बाजूला ठेवतात, हे मला अन्यायाचं वाटतं. 23 जानेवारी 1919 ला गडकरी गेले आणि नाटक त्यानंतर रंगभूमीवर आलं. बालगंधर्वांची सिंधू त्यांना पाहायला मिळाली नाही.

‘सैराट’ तर आपल्या पिढीने थिएटरात बसून सोसलेला आहे. 2016 साली बहुतेकांना शेवटाचा धक्का बसला, हे खरं. पण दुसऱ्यांदा बघा. आर्चीला आईची आठवण येते, ती फोन करते. मुलीने आईला फोन करावा यात वाईट ते काय? मग माहेरची माणसं आईने पाठवलेल्या भेटी घेऊन दारात येतात आणि ती त्यांच्यासाठी चहा ठेवते. दुसऱ्यांदा बघताना तो चहा उकळत असतो तेव्हा मला पडद्याकडे बघवत नाही. पहिल्यांदा मी तो चहा नीट पाहिलासुद्धा नव्हता.

शेक्सपिअर तर रोमिओ-ज्युलिएटचं मरण नाटकाच्या सुरुवातीच्या पद्यातच सांगून टाकतो. थडग्यात तिच्याकडे बघून रोमिओ स्वतः म्हणतो की हिच्या ओठांवर, गालांवर अजून लाली आहे. त्याला ती तिच्या सौंदर्याची खूण वाटते. ती जिवंत असल्याची खूण आहे, हे आपल्याला माहीत असतं.

इथे एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. गोष्टीतल्या या रचनेची सवय आपण खऱ्या माणसांच्या दुःखावर लादतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी दुपारी काकांना फोन केला होता की पाऊस वाढतोय, लवकर निघा. ते निघाले आणि घरी पोचले नाहीत. त्यांच्या ऑफिसमध्ये रात्रभर अडकून पडलेली माणसं दुसऱ्या दिवशी सुखरूप घरी आली. भेटायला येणारे बोलायचे, सकाळी ते दारातून परत फिरले होते म्हणे, त्यांना आतून कळलं असणार. काकू ऐकून घ्यायच्या आणि मग एकट्या बसून त्या फोनचा विचार करत राहायच्या. मला ते बोलणं फार क्रूर वाटतं. गोष्टीत रथ मागवणारा लेखक असतो, त्याला कारण माहीत असतं. काकूंच्या फोनमागे काळजीशिवाय काहीच नव्हतं. सांत्वनाला जाल तेव्हा अशा खुणा शोधून देऊ नका, कृपा करून. त्या बाईला आयुष्यभर त्या खुणांसोबत जगायचं असतं.

नाटकात मात्र खुणा शोधा, कारण तिथे त्या आपल्यासाठीच ठेवलेल्या असतात. आणि शेवट माहीत असल्याने रस जातो असं अजूनही वाटत असेल तर ‘उत्तररामचरित’चा सातवा अंक वाचा. तिथे वाल्मीकींनी रचलेलं नाटक गंगेकाठी चालू आहे आणि त्यात सीतेच्या त्यागानंतरची हकीकत दाखवतात. प्रेक्षकांत स्वतः राम आहे. तिला रानात सोडायला त्यानेच सांगितलेलं आहे, तरी रंगमंचावरची सीता हाक मारते तेव्हा तो जागेवरून तिला उत्तर देऊ लागतो आणि लक्ष्मणाला त्याला सांगावं लागतं की दादा, हे नाटक आहे.