किल्टला डांबरगोळ्या का नकोत: काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, आणि चार ओळींत उत्तर देऊन तुम्हाला वाटेला लावणं बरोबर वाटलं नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, मागच्या पोस्टमध्ये मी म्हटलं होतं की किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा घागऱ्यासारखा कपडा), डब्लेट (त्यावरचं जाकीट), फेदर बॉनेट (पिसांची टोपी) हा सगळा जामानिमा डांबरगोळ्या टाकून ट्रंकेत बंद करू नका आणि प्रवासात व्हॅक्यूम बॅगेत तर अजिबात दाबू नका. त्यावर काकांचं म्हणणं, आमच्या आईची पैठणी आयुष्यभर डांबरगोळ्यांवरच टिकली, किल्ट म्हणजे तरी काय, चुण्यांचा लोकरी कपडा, चुरगळला तर इस्त्री मारायची, तुम्ही उगाच लोकांना घाबरवता. आणि शेवटी हेही, की मुलाने एडिनबरोत शिवून घेतलेला किल्ट डिसेंबरात रिसेप्शनसाठी पुण्याला यायचाय.

आधी पैठणीचं बोलू. पैठणी रेशमाची, किल्ट लोकरीचा, आणि कसरीला खरी आवड लोकरीची. उडणारं पाखरू कापड खात नाही, त्याला खायला धड तोंडच नसतं, खाते ती त्याची अळी, आणि तिला नुसत्या स्वच्छ लोकरीपेक्षा घाम, सूप, बिअर लागलेली लोकर जास्त भावते. आता विचार करा, ऑगस्टमध्ये ग्लासगो ग्रीन या मैदानावर बॅगपाइप वाजवणाऱ्या बँडांची वर्ल्ड पाइप बँड चॅम्पियनशिप असते, सकाळी पाऊस, दुपारी ऊन, पोरं दिवसभर त्याच किल्टमध्ये घामाघूम, संध्याकाळी हातात चिप्स, आणि मग तोच किल्ट तसाच कपाटात जातो तो पुढच्या मे महिन्यापर्यंत. अंधार, ऊब, घाम आणि कुणी हात लावणार नाही अशी जागा, अळीला अजून काय पाहिजे. तुमच्या आईंची पैठणी टिकली ती मला वाटतं गोळ्यांपेक्षा त्यांच्या हातामुळे टिकली, नेसून झाली की वाऱ्यावर टाकायची, मलमलीत गुंडाळायची, मधूनमधून घडी मोडायची. हे सगळं किल्टलाही तसंच लागू आहे, तेवढी गोळी सोडून.

गोळी का नको, तर तिची वाफ घट्ट बंद डब्यात भरपूर साठली तरच अळी मरते, फटी असलेल्या कपाटात नुसता वास राहतो आणि अळी मजेत खात बसते. शिवाय गोळीतलं नॅप्थलीन माणसालाही चांगलं नाही, जी-६-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असलेल्या तान्ह्या बाळांमध्ये त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि युरोपियन युनियनमध्ये २००८ पासून या गोळ्यांवर बंदी आहे. देवदार, लॅव्हेंडर वगैरे ठेवा हवं तर, वास छान येतो, पण त्यांच्या भरवशावर राहू नका.

आमच्या पाइप बँडचे कपडे मी सांभाळते, तर सीझन संपला की काय करते ते सांगते. प्रत्येक किल्ट टेबलावर उलटा पसरायचा, कमरपट्टीच्या अस्तराखाली आणि प्लीट्सच्या, म्हणजे चुण्यांच्या, आतल्या घडीत टॉर्च मारून बघायचं, कारण अळी उघड्यावर कधीच नसते. तिथे वाळूसारखे बारीक कण दिसले तर लक्ष द्या, ती तिची विष्ठा असते आणि तिचा रंग कापडाचाच असतो, हिरव्या टार्टनवर (किल्टच्या चौकटींच्या कापडावर) हिरवी, लालवर लाल, म्हणून लोकांना ती धूळ वाटते आणि झटकून मोकळे होतात. मग मऊ ब्रशने प्लीटच्या दिशेनेच झाडायचं, डाग असेल तर ड्रायक्लीनला द्यायचं. आणि शंका आली की किल्ट पॉलिथीनच्या पिशवीत हवा काढून सील करायचा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवायचा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही हे महत्त्वाचं, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, म्हणजे दव पिशवीच्या बाहेरून धरतं, कापडावर नाही. त्यानंतर धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून ठेवायचा. ड्रायक्लीनरने दिलेली प्लास्टिकची पिशवी तशीच ठेवायची नाही, आत दमटपणा कोंडतो आणि चामड्याच्या पट्ट्यांना बुरशी येते.

आता इस्त्री. इथे मात्र मी तुमच्याशी भांडणारच. चांगल्या किल्टला ८ यार्ड म्हणजे सव्वासात मीटर कापड लागतं, जाड असेल तर दीड-दोन किलो वजन होतं, आणि प्रत्येक प्लीट अशी बसवलेली असते की मागून बघताना टार्टनची नक्षी अखंड दिसावी किंवा एकच पट्टा ओळीने यावा, गॉर्डन हायलँडर्सचे किल्ट पिवळ्या पट्ट्यावर प्लीट केलेले असायचे तसा. या प्लीट्स शिवलेल्या असतात फक्त कमरेपासून नितंबापर्यंत, त्याखाली सगळं मोकळं, फक्त इस्त्रीच्या घडीवर उभं. व्हॅक्यूम बॅगेत त्यावर आडव्या सुरकुत्या पडल्या की त्या एका इस्त्रीत जात नाहीत, प्रत्येक प्लीट परत रेषेत आणून पांढऱ्या दोऱ्याने कच्चे टाके घालावे लागतात, वर ओलं सुती फडकं ठेवून दाब द्यावा लागतो. इस्त्री टेकवायची, उचलायची, पुढे ठेवायची, सरकवायची नाही. थेट कापडावर फिरवलीत तर लोकरीला चकाकी येते आणि ती सहजी जात नाही. रिसेप्शनच्या सकाळी हे कोण करणार?

म्हणून प्रवासाला रोल. प्लीट्स एकाखाली एक सरळ करून किल्ट कमरपट्टी ते काठ अशी उभी लांबी तशीच ठेवून एका बाजूने दुसऱ्या बाजूला घट्ट गुंडाळायचा, काठीसारखा दिसला पाहिजे, आणि जुन्या नायलॉन स्टॉकिंगच्या पायात सरकवायचा. घडी कुठेच आडवी पडत नाही आणि केबिन बॅगेत तिरपा मावतो.

डब्लेटवर जरीकाम असेल तर त्यावरून घडी घालू नका, बाह्यांत अ‍ॅसिड-फ्री टिश्यू (आम्ल नसलेला पातळ कागद) भरा. चांदीची बटणं आणि स्पोरनची (किल्टच्या पुढे कमरेला लटकवायच्या थैलीची) चांदीची पट्टी वेगळ्या टिश्यूत, कारण लोकरीतून गंधकाची संयुगं बाहेर पडतात आणि चांदी काळी पडते, रबरबँडनेही तेच होतं. फेदर बॉनेट मुलाकडे नसणारच, ते बँडवाल्यांचं, तारेच्या सांगाड्यावर शहामृगाची पिसं. त्याला स्वतःचा डबा पाहिजे, आतला भाग आधाराला टेकलेला आणि पिसं चारी बाजूंनी मोकळी, वर काहीही ठेवायचं नाही. भिजलं तर झटकून सावलीत वाळवायचं, हीटरजवळ नाही, मग लांबून थोडी वाफ द्यायची की पिसं परत फुलतात. बसमध्ये मी ते कुणाच्याही बॅगेखाली जाऊ देत नाही, यावरून माझं लोकांशी वाजतं, वाजू दे.

तुमच्या मुलासाठी अजून दोन गोष्टी. मोज्यात खोचायची ती छोटी सुरी, स्गिअन डू, ती चेक-इनमध्येच टाका. स्कॉटलंडमध्ये राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून ती बाळगायला कायद्यात सूट आहे, पण विमानाच्या केबिनमध्ये ती सूट चालत नाही. आणि स्पोरन सील या समुद्री प्राण्याच्या खऱ्या कातड्याचं असेल आणि तो अमेरिकामार्गे येणार असेल तर ते घरीच ठेवून साधं चामड्याचं आणायला सांगा, तिथे १९७२ च्या सागरी सस्तन प्राण्यांच्या कायद्याने सीलच्या वस्तू न्यायला मनाई आहे.

पुण्यात डिसेंबर कोरडा असतो त्यामुळे बुरशीची काळजी नाही. पोचल्या दिवशीच रोल उघडून कमरपट्टीला चार-पाच क्लिपा लावून टांगा, दोन क्लिपांवर नको, ओझ्याने खुणा पडतात, आणि रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी इस्त्रीची गरज पडली तर प्रतिक्रियेत लिहा, मी लगेच उत्तर देईन. आणि हो, किल्ट पावसाळ्यापर्यंत तिकडेच राहणार असेल तर आत्ताच सांगा, त्यासाठी वेगळं लिहावं लागेल.