१८३८ साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’ नव्हता

लेखात ‘टाइम्स ऑफ इंडिया १८३८ पासून’ असं सरसकट म्हटलंय, ते दुरुस्त करावं. ३ नोव्हेंबर १८३८ रोजी मुंबईत निघाला तो ‘बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स’, तोही बुधवार-शनिवार असा आठवड्यातून दोनदा. संपादक रॉबर्ट नाइटने प्रतिस्पर्धी पत्रं त्यात विलीन केली आणि आजचं नाव १८६१ मध्ये आलं. त्यामुळे १८५७ च्या अंकाचा संदर्भ देताना ‘टाइम्स ऑफ इंडिया’ लिहिणं चूकच, आणि ही चूक अभ्यासकांच्या तळटीपांतही शिरते! मथळ्यावरचं तेव्हाचं नाव बघूनच नोंद करा. मालकीचं मात्र उलटं: बेनेट आणि कोलमन हे मालक १८९२ मध्ये आले, १९४६ मध्ये उद्योगपती रामकृष्ण दालमियांनी कंपनी घेतली, तरी कंपनीचं नाव ‘बेनेट, कोलमन अँड कंपनी’ हेच राहिलं.