ऱ्हाईन फॉल्सला जाताय? मग समोरच्या किल्ल्यातही जा

युरोपच्या ग्रुप टूरमध्ये ऱ्हाईन फॉल्स असतोच. ब्लॅक फॉरेस्टमधली कुकू क्लॉक बघून झाली की स्वित्झर्लंडमध्ये शिरताना तासाभराचा थांबा. बस नॉयहाउसेनच्या काठाला लागते, बोट, सेल्फी, स्वच्छतागृह, चला बसा! समोरच्या कड्यावरचा श्लॉस लाउफेन हा किल्ला प्रत्येकाच्या फोटोत येतो, पण तिथे पाऊल फारच थोडे टाकतात. टूरवाल्यांवर माझा खरा राग आहे तो यासाठी.

या किल्ल्याची पहिली नोंद इ.स. ८५८ची. तेव्हा नजारा बघायला कोणाला सवड होती? कॉन्स्टन्स सरोवराकडून माल घेऊन येणाऱ्या होड्यांना हा धबधबा म्हणजे डोकेदुखी. २३ मीटरची उडी, दीडशे मीटर रुंदी, नाव उतरणार कशी? मग वरच्या अंगाला शाफहाउसेन शहरात माल उतरवायचा, जमिनीवरून खाली न्यायचा, पुन्हा नावेत भरायचा. त्यात मीठ भरपूर. या चढउतारीवरच शाफहाउसेन गब्बर झालं. धबधब्याच्या पायथ्याशी श्लॉसली वोर्थ नावाची छोटी गढी आहे, तिथे जकात भरायची. आज तिथे रेस्टॉरंट आहे, म्हणजे वसुली चालूच!

१५४४ मध्ये झुरिकने लाउफेन विकत घेतला आणि १७९८ पर्यंत आपला अंमलदार तिथे बसवला. एकोणिसाव्या शतकात हौशी प्रवासी यायला लागले, तेव्हा लुई ब्लॉइलर या चित्रकाराने किल्ल्यातच बस्तान मांडून ऱ्हाईनची चित्रं विकली. १८५७ मध्ये तर रेल्वे थेट किल्ल्याच्या पोटातून बोगदा काढून गेली. १९४१ पासून किल्ला पुन्हा झुरिक कँटनकडे (म्हणजे झुरिक राज्याकडे) आहे.

किल्ल्याच्या बाजूला तिकीट आहे, म्हणून आपली मंडळी कुरकुरतात. अहो, बोटीला पैसे मोजता तेव्हा? पायऱ्या उतरून खालच्या सज्जात गेलात की पाणी हाताच्या अंतरावरून कोसळतं. कठडा कायम ओला, चष्मा पुसून उपयोग नाही, शेजारच्याशी बोलायचं तर ओरडायचं. गुडघे दुखणाऱ्यांसाठी काचेची लिफ्ट आहे.

टूर लीडर ऐकत नसेल तर धबधब्याच्या वरच्या रेल्वेपुलाला लागून पायवाट आहे, तिथून पलीकडे चालत जाता येतं. आणि जमलं तर जून-जुलैतच जा. आल्प्समधला बर्फ वितळतो, उन्हाळ्यात सेकंदाला सरासरी सहाशे घनमीटर पाणी पडतं. हिवाळ्यात ते अडीचशेवर येतं. डिसेंबरचं स्वस्त पॅकेज विकणारे हे कधी सांगत नाहीत.