फूलझाडूचा भुसा, न फिरणारा मॉप आणि घसरणारी काठी : आपल्या तक्रारीचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या साफसफाईसाठी आमच्या दुकानातून नेलेल्या फूलझाडूने घरभर भुसा सांडला, स्पिन मॉप दुसऱ्याच दिवशी फिरेनासा झाला, जळमटे काढण्याची काठी छताला टेकताच आत सरकते आणि वापरलेला झाडू आम्ही परत घेतला नाही, म्हणून आपण आम्हाला एकच स्टार दिला आहे. सणाच्या तोंडावर सगळे घर उपसून बसल्यावर हातातल्या वस्तूनेच दगा दिला की जीव मेटाकुटीला येतो, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

फूलझाडूचे गवत मेघालय, आसामकडच्या डोंगरउतारांवर होते आणि झाडूत बांधलेला भाग म्हणजे त्या गवताचे तुरे. तुऱ्यांतला बारीक फुलोरा सुरुवातीला गळतोच. त्यावरून माल हलका ठरत नाही. नवा झाडू आधी गॅलरीत आपटून घ्यावा, रुंद दातांच्या जुन्या कंगव्याने विंचरावा, ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावा आणि मगच घरात फिरवावा. माळ्यावरच्या वर्षभराच्या धुळीला मात्र घरातला जुना झाडूच बरा.

मॉपचा प्रश्न वेगळा आहे. त्याच्या दांड्यात पिळाची पट्टी असते. दांडा खाली दाबला की प्लास्टिकच्या खाचेतून ती सरकते आणि खालची चकती गरगर फिरते. दांडा तिरका धरून दाबला, झालर जाळीच्या टोपलीबाहेर लोंबत राहिली, किंवा फरशी पुसताना लॉक उघडेच राहिले, तर सगळा ताण त्या खाचेवर येतो आणि ती झिजली की दांडा नुसता वरखाली होतो. त्यातून आपल्याकडे शहाबादी फरशी असल्याचे आपण लिहिले आहे. गुळगुळीत टाइल्सवर सहज सरकणारी मायक्रोफायबरची झालर शहाबादीच्या खरबरीत दगडात अडकते, माणूस आपोआप जोर लावतो आणि तो जोर दांड्याला सोसत नाही. अशा फरशीला ताठ केसांचा ब्रश आणि त्यामागून सुती पोछा, हीच जोडी योग्य आहे. कामाच्या मावशींनी मॉप मोडला, असे आपण म्हटले आहे, ते मात्र मला पटत नाही. त्यांच्या हाताला पिळून पुसायची सवय असते, आणि दांडा कसा धरायचा हे कुणी दाखवल्याशिवाय कळण्यासारखे नाही. कृपया त्याचे पैसे त्यांच्या पगारातून कापू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

काठीच्या आतल्या नळीच्या टोकाला प्लास्टिकचा तुकडा असतो; नळी पिळली की तो फुगून बाहेरच्या नळीला घट्ट धरतो. जळमट गुंडाळण्यासाठी आपण काठी गोल फिरवतो, ती सैल होण्याच्या दिशेने फिरली की पकड सुटते. त्यामुळे जळमट नेहमी काठी घट्ट होते त्याच दिशेने गुंडाळावे. दोन्ही नळ्या वेगळ्या करून तो तुकडा कोरड्या फडक्याने पुसावा. तेल अजिबात लावू नये.

वापरलेला झाडू परत घेणे आम्हाला शक्य नाही. या दिवसांत पुष्कळ घरांत लक्ष्मीपूजनाला पुजण्यासाठी नवी केरसुणी किंवा झाडू नेतात. एकदा केर काढलेली वस्तू त्यांच्या हाती देणे आमच्या मनाला पटत नाही, आणि हा नियम आम्ही कुणासाठीही मोडत नाही. मॉपची बादली, टोपली आणि झालर चांगली असेल, तर फक्त दांडा बदलून भागते. तो घेऊन दुकानात यावे, बिल नसले तरी चालेल; दांडा आम्ही विनामूल्य बदलून देऊ. काठीही सोबत आणावी. मावशींना यायला जमले तर उत्तमच, मॉप त्यांच्याच हातात देऊन वापर दाखवता येईल.

कळावे,
आपला,
दुकानमालक