शाम्पूतल्या गवारीवरचं बालंट

'शाम्पूच्या बाटलीमागे ग्वार हायड्रॉक्सीप्रोपिलट्रायमोनियम क्लोराईड लिहिलंय का बघा. ते प्लास्टिक आहे, मुळांवर बसतं, त्यातल्या क्लोरीनने टक्कल पडतं. त्यापेक्षा गवारीचं बी दळून लावा.' बीड-लातूरकडच्या ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज.

आधी प्लास्टिकचं बघू. ग्वार म्हणजे आपली गवारच. तिच्या बियांतला डिंक आईस्क्रीममध्येही घालतात, पाकिटावर तो ई ४१२ म्हणून दिसतो. शाम्पूसाठी कारखान्यात त्याला धन विद्युतभाराचे (प्लस चार्जचे) गट जोडतात. म्हणजे तो शेतातून आला तसा राहत नाही, आणि 'शंभर टक्के नैसर्गिक' म्हणून बाटल्या खपवणाऱ्यांनाही हे सुनवायला हवं. पण मूळ रेणू म्हणजे साखरेच्या कणांची साखळीच, प्लास्टिक नव्हे.

क्लोरीन? मिठात असतं तेच हे क्लोराईड. वरणात मीठ घालून कुणाला टक्कल पडल्याचं ऐकलंय?

त्या भाराचं काम मात्र बघण्यासारखं आहे. केसावर ऋण भार असतो, डाय करून खराब झालेल्या केसावर जरा जास्तच. बाटलीत हा डिंक फेस करणाऱ्या घटकांबरोबर विरघळलेला असतो. डोक्यावर मगभर पाणी ओतलं, फेस पातळ झाला, की डिंक आणि ते घटक एकत्र येऊन पाण्यातून वेगळे होतात आणि केसाला धरतात. फेस निघता निघता केस हाताला एकदम बुळबुळीत लागतात ना, ते हेच. मग कंगवा अडकत नाही, ओढाताणीत केस तुटत नाहीत. त्याला अर्धा टक्का डिंकही पुष्कळ होतो.

मुळांचं म्हणाल, तर एवढा मोठा रेणू कातडीत शिरतच नाही. प्रसाधनांचे घटक तपासणाऱ्या अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने तो सध्याच्या वापरात सुरक्षित ठरवलाय. पातळ, तेलकट केस मात्र त्याने चपटे पडू शकतात. त्यांनी दुसरा शाम्पू घ्यावा.

बी दळायचा सल्ला तेवढा सोडा. गवार डिंकाची कोरडी भुकटी श्वासातून जाऊन कारखान्यातल्या कामगारांना दमा झाल्याच्या नोंदी आहेत. शिवाय घरच्या पिठाला तो धन भार नसतो. बराचसा लगदा पाण्याबरोबर जातो आणि टरफलं विंचरत बसावं लागतं.

आपल्याकडे बोअरच्या जड पाण्याने केस राठ होतात, त्यात साबण लावला की चुन्याचा साका बसतो. हा डिंक ते क्षार काढत नाही, नुसता गुंता सोडवतो. आणि केस मुळापासून पुंजक्याने गळत असतील तर शाम्पू बदलण्याआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या.