प्रायोगिक छायाचित्रणाच्या उन्हाळी शिबिरावरील अभिप्रायास उत्तर

आदरणीय पालक, सविनय नमस्कार.

गोव्यातील फोंड्याजवळच्या आमच्या कुळागरात (सुपारी-मसाल्याच्या बागेत) दर मे महिन्यात भरणाऱ्या छायाचित्रण शिबिराला आपण एक तारा दिला आहे. मुलीसाठी मुद्दाम घेतलेला नवा कॅमेरा अर्धे शिबीर पिशवीतच राहिला, मुलांच्या हातात सायनाइड दिले गेले, घरी आणलेली निळी चित्रे भिंतीवर फिकी पडली, आणि डब्याने काढलेले धूसर फोटो कला म्हणून गळ्यात मारले गेले, म्हणून शुल्क परत मिळावे, असे आपले म्हणणे आहे. आपला अभिप्राय इतर पालकही वाचत असल्यामुळे उत्तर येथेच देत आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप रसायनांचा आहे. निळी चित्रे ज्या सायनोटाइप पद्धतीने (रसायन लावलेल्या कागदावर वस्तू ठेवून उन्हाने चित्र उमटवून) होतात, ती इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधली आणि तिला दोनच रसायने लागतात. पहिले फेरिक अमोनियम सायट्रेट. घरात लोहाच्या टॉनिकची बाटली असेल तर तिच्या वेष्टनावर बहुधा हेच नाव सापडेल. दुसरे पोटॅशियम फेरिसायनाइड, आणि आपली भीती याच नावावरून उद्भवली असावी. या क्षारात सायनाइडचे गट लोहाच्या अणूला इतके घट्ट बांधलेले असतात की सामान्य हाताळणीत ते सुटे होत नाहीत, त्यामुळे पोटॅशियम सायनाइड या जहाल विषाशी त्याची बरोबरी करता येत नाही. इमारतींच्या नकाशांच्या निळ्या प्रती याच रसायनांनी निघत असत आणि कित्येक पिढ्यांच्या आरेखकांनी ती रोज हाताळली. कागदावर शेवटी उरतो तो प्रशियन निळा रंग तर थॅलियम आणि किरणोत्सारी सीझियम यांच्या विषबाधेवर औषध म्हणून दिला जातो. याचा अर्थ आम्ही निष्काळजी राहतो असा मात्र नाही. पोटॅशियम फेरिसायनाइड तीव्र आम्लात मिसळले किंवा फार तापवले तर विषारी वायू सुटू शकतो. म्हणून शौचालय धुण्याचे ॲसिड त्या खोलीच्या आसपासही ठेवले जात नाही, शेगडी तेथे नसते, मुलांना हातमोजे घातल्याशिवाय ब्रश मिळत नाही आणि त्या खोलीत खाण्यापिण्याला बंदी आहे. आपल्या कन्येने घरी हा प्रयोग स्वतः करून पाहण्याची इच्छा दाखवली, असे आपण लिहिले आहे. मोठ्या माणसाच्या देखरेखीशिवाय तो करू देऊ नये.

चित्रे फिकी पडण्याचे कारण आपल्याच अभिप्रायात आहे. ती पश्चिमेकडच्या व्हरांड्यात, नव्याने चुना काढलेल्या भिंतीला चिकटवली होती. प्रशियन निळा सतत उन्हात राहिला की त्याचे हळूहळू रंगहीन रूपात परिवर्तन होते. तेच चित्र अंधाऱ्या कपाटात काही दिवस उघडे ठेवले की हवेतल्या ऑक्सिजनमुळे निळाई पुष्कळशी परतते. चुन्याचे तसे नाही. हा रंग अल्कधर्मी पदार्थांपुढे टिकत नाही, आणि दमट हवेत ओल्या चुन्याला टेकलेल्या कागदाचा जो भाग गेला तो कायमचा गेला. साबणाच्या पाण्यानेही हेच होते. चित्रांबरोबर दिलेल्या पत्रकात ऊन, चुना आणि साबण या तिन्ही गोष्टी टाळण्यास ठळक अक्षरांत सांगितले आहे. (गोव्यात पावसाळ्यापूर्वी घराला चुना काढणे हे देवाला दिवा लावण्याइतके ठरलेले काम असल्यामुळेच ती ओळ आम्ही घातली.)

साडेआठला मुलांना बोलावून नुसता कागदाला ब्रश फिरवायला लावतात, दुपारी ऐन उन्हात जेमतेम काही मिनिटे बाहेर काढतात, हे आपले निरीक्षण अगदी बरोबर आहे. मात्र तो वेळेचा अपव्यय नव्हे. मे महिन्याच्या दमट हवेत रसायन लावलेला कागद सुकायला वेळ घेतो आणि ओलसर कागदावर चित्र डागाळते, म्हणून ते काम सकाळी अंधूक खोलीत उरकावे लागते. मेच्या सुरुवातीला गोव्यात साडेबाराच्या सुमारास सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो आणि वस्तूची सावली तिच्याच खाली पडते. नेच्याचे किंवा मिरवेलीचे पान त्या वेळी कागदावर ठेवले तर कड तिरकस सावलीने पुसट होत नाही, पानाचा आकार रेखीव उमटतो, आणि काम थोड्या मिनिटांत होत असल्यामुळे मुलांना उन्हात फार वेळ उभे राहावे लागत नाही. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अ‍ॅना ॲटकिन्स यांनी १८४३ मध्ये समुद्री शेवाळांच्या नोंदी याच पद्धतीने छापायला सुरुवात केली, कारण इतकी नाजूक रचना हाताने रेखाटणे कठीण होते. मोबाइलमधल्या ॲपने फोटो निळा करता येतो, हे खरे आहे, परंतु त्यात पान कोठेच नसते.

धूसर फोटोंविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपण ज्या फोटोचा उल्लेख केला आहे तो मला शिबिरातला सर्वांत चांगला वाटला. बिस्किटाच्या डब्याला सुईने बारीक भोक पाडून, आत फोटोचा कागद लावून आपल्या कन्येने अंगणातले तुळशीवृंदावन टिपले. त्यापुढे उभी असलेली दोन मुले फोटोत आलीच नाहीत, अशी आपली तक्रार आहे. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान भोकातून इतका कमी प्रकाश आत जातो की भर उन्हातही सुमारे एक मिनिट आणि सावलीत कित्येक मिनिटे डबा उघडा ठेवावा लागतो. मुले तेवढा वेळ स्थिर राहिली नाहीत. दगडी वृंदावन तेवढे उमटले, आणि त्याच्या डावीकडे जी राखाडी रेघ आहे ती मांजराची आहे. पॅरिसच्या रहदारीच्या रस्त्याचा, छायाचित्रणाचे आद्य प्रवर्तक दागेर यांनी १८३८ मध्ये घेतलेला फोटोही असाच ओस दिसतो. बूट पुसून घेत थांबलेला एक माणूस तेवढा त्यात ओळखू येतो. कॅमेऱ्याचे शटर किती वेळ उघडे ठेवावे, हे फळ्यावर कितीही समजावले तरी मुले विसरतात. हा फोटो काढलेल्या मुलीला ते पुन्हा सांगावे लागले नाही, आणि उत्तरार्धात तिने आपल्याच कॅमेऱ्यावर एकाच चौकटीत दोन दृश्ये घेतली तेव्हा वेळ स्वतः ठरवली. पूर्वार्धात कॅमेरा बंद राहील, असे माहितीपत्रकाच्या पहिल्याच परिच्छेदात आहे, आणि तो क्रम बदलण्याचा आमचा विचार नाही.

समुद्रकिनाऱ्यावर नेले नाही, हेही खरे. खारे वारे आणि वाळू ओल्या कागदाचा नाश करतात. किनाऱ्यावरची व्यक्तिचित्रे किंवा संगणकावरचे संपादन शिकायचे असेल तर पणजीत आणि मडगावात त्याचे वर्ग चालतात. आपल्या अपेक्षेला ते अधिक जुळले असते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आपल्या कन्येने शिबीर पूर्ण केले असल्यामुळे शुल्क परत करण्याची मागणी मान्य करता येत नाही. फिक्या पडलेल्या चित्रांपैकी जी चुन्याने खराब झालेली नाहीत, ती सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पाण्यातून काढल्यास निळाई लगेच परत येऊ शकते. ते काम आम्ही विनामूल्य करून देऊ. रविवार सोडून कोणत्याही दिवशी सकाळी यावे आणि चित्रे गुंडाळी न करता दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून आणावीत.

आपला नम्र,
शिबिर संचालक